सिलिंडर २१ दिवसांत संपतोय. गॅस गिझर ठेवू की काढू? (नाशिक)

मोगरा_नाशिक | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. धागा काढायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, कॉलेजला जाणारी लेक आणि दहावीतला मुलगा. ह्यांची अंबडला फर्स्ट शिफ्ट, ७ ला गेटवर हजेरी. म्हणजे घरातली पहिली अंघोळ सव्वापाचला आणि शेवटची माझी, नऊच्या सुमारास. मागच्या दिवाळीआधी लाइटच्या गिझरची टाकी गळायला लागली म्हणून ६ लिटरचा गॅस गिझर घेतला. बसवणाऱ्याने बाथरूममध्येच भिंतीवर ठोकून दिला, सिलिंडर बाहेर पॅसेजमध्ये.

त्याआधी स्वयंपाकाला सिलिंडर ५५ दिवस जायचा. या थंडीत २१ दिवस. कालनिर्णयावर गोल करून ठेवते, त्यामुळे अंदाजपंचे नाही. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढून सिलिंडर साडेआठशेच्या वर गेला आणि पुन्हा वाढणार अशी कुजबुज आहेच. ह्यांचं म्हणणं परत लाइटचा गिझर घेऊ. लेक म्हणते सोलर. मुलाला काहीच म्हणायचं नसतं. आणि सासूबाई म्हणतात, माळ्यावर आपला तांब्याचा बंब आहे तो उतरवा, त्याचं काय वाईट होतं! त्यांना हे गॅसचं पाणी मानवतच नाही. अंघोळ झाली की गरगरतं, डोकं धरतं, पाणी उष्ण पडतं म्हणतात. ते असो.

खर्चाच्या दृष्टीने काय परवडेल ते सांगा. फ्लॅटमध्ये बंब चालणार नाही हे मला माहीत आहे, त्यावर नका सांगू.

चहाबाज | सोमवार, रात्री १०.५२

पहाटे सव्वापाचला डिसेंबरात अंघोळ करणाऱ्या माणसाला आधी माझा दंडवत. मी रविवारची अंघोळ सोमवारवर ढकलतो, इंधनबचतीचा याहून सोपा मार्ग नाही.

वीजबिल_पीडित | सोमवार, रात्री ११.१५

ताई, लाइटच्या गिझरकडे चुकूनही जाऊ नका. मी सिडकोत राहतो, दोन्ही वापरून झालेत.

लोक म्हणतात वीज ८ रुपये युनिट. तो हिशेब घोळाचा आहे. महावितरणचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. शंभर ओलांडले की दर एकदम दुपटीच्या आसपास जातो. त्यावर वहन आकार आणि वरून १६ टक्के वीज शुल्क. माझ्या बिलात पहिल्या टप्प्यातलं युनिट सगळं धरून सात रुपयांच्या घरात पडतं आणि दुसऱ्या टप्प्यातलं बारा-तेराला. तुमच्या घरात फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन यांनीच शंभर होत असणार. म्हणजे गिझरचं प्रत्येक युनिट महागाच्या टप्प्यात जाऊन बसतं. बिलाला भागिले युनिट करून जो सरासरी दर काढतात तो इथे कामाचा नाही.

मोगरा_नाशिक | सोमवार, रात्री ११.२१

बरोबर. आमचं ९५ ते ११० असतं दर महिन्याला. मीटरवाल्याने महिना लांबवला की धडधडतं.

गणित_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.०५

निवृत्त शिक्षक आहे, खडू सुटला पण सवय सुटत नाही. मांडून बघू.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी. नाशिकला या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १७ अंशांच्या आसपास धरा. अंघोळीला ४२ पुरे. म्हणजे २५ अंश चढवायचे. पाच माणसं, प्रत्येकी २० लिटरची एक बादली, १०० लिटर. गुणिले २५, झाल्या २५०० किलोकॅलरी.

विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. २५०० ला साधारण २.९ युनिट, टाकीतून गळणारी उष्णता धरून ३.२. महिन्याला ९६ युनिट. वीजबिल_पीडितांचा दर लावला तर बाराशे रुपये.

एलपीजीच्या एका किलोत अंदाजे ११,००० किलोकॅलरी. गॅस गिझर त्यातले ८० टक्के पाण्याला देतो असं धरू, म्हणजे ८,८००. २५०० भागिले ८८००, रोजचा २८४ ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशेला म्हणजे किलोला ६० रुपये. महिन्याचे ५१० रुपये.

तेव्हा या भावात, तुमच्या घरात, गॅस निम्म्याहूनही स्वस्त आहे. ज्याचं एकूण बिल शंभर युनिटच्या आतच राहतं, अशा एकट्यादुकट्या माणसाला मात्र दोन्हीत फार फरक पडणार नाही.

पण ताई, तुमच्या आकड्यांत मला एक गोम दिसतेय. आधी ५५ दिवस जायचा म्हणजे स्वयंपाकाला रोज २५८ ग्रॅम. त्यात अंघोळीचे २८४ मिळवले तर ५४२. सिलिंडर २६ दिवस जायला हवा. तुमचा २१ दिवसांत संपतो, म्हणजे रोज ६७६ ग्रॅम जळतोय. वरचे १३४ ग्रॅम कुठे जातात? त्यात २५ अंश चढवलेलं सत्तेचाळीसेक लिटर पाणी होतं. दोन बादल्यांहून जास्त, रोज. भांडी गरम पाण्याने घासता का? कपडे? नळ ठिबकतो?

मोगरा_नाशिक | मंगळवार, सकाळी ९.४०

सर, तुम्ही तर आमच्या घरावर धाडच घातलीत! भांडी गार पाण्यानेच. कपड्यांचं मशीन गार पाण्यावर. नळ ठीक आहे. सगळे एकेक बादलीच घेतात. माझी कधीकधी केस धुवायच्या दिवशी दीड.

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी १०.१०

सिलिंडरच कमी भरून येत असेल. घेताना वजन करून घ्यायचं. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायलाच पाहिजे, मागितला की देतात, न मागता कोणी देत नाही.

गणित_मास्तर | मंगळवार, सकाळी १०.३०

वजन करावंच. पण मग उन्हाळ्यातही त्याच प्रमाणात कमी गेला असता. ताई, मे महिन्याचे गोल बघाल का?

मोगरा_नाशिक | मंगळवार, सकाळी १०.४८

३६-३७ दिवस गेलाय.

एकलहरे_निवृत्त | मंगळवार, दुपारी १.२०

दोन पैसे माझेही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात आयुष्य गेलं. २१० मेगावॉटचे तीन संच, चिमण्या रेल्वेतूनही दिसतात. तिथे आम्ही काय करायचो? कोळसा जाळून पाणी उकळायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, वीज करायची. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतले तीस-पस्तीस भागच विजेत उतरतात, बाकी कूलिंग टॉवर आणि धुराड्यातून गेली. मग ती वीज तारांतून इंदिरानगरला न्यायची आणि तिथे परत तिने पाणीच तापवायचं! द्राविडी प्राणायाम यालाच म्हणत असावेत. पाणी तापवायचं असेल तर जाळ थेट पाण्याखाली घालणं केव्हाही शहाणपणाचं. सासूबाई बरोबर आहेत.

ज्यांच्याकडे स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसलाय त्यांच्यासाठी एक: जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून पुढे सवलत आहे. पण फर्स्ट शिफ्टच्या माणसाला त्याचा काय उपयोग? नऊला तो मशीनवर उभा असतो.

निफाडची_थंडी | मंगळवार, दुपारी २.०५

तुमच्या नाशिकच्या थंडीला आम्ही थंडी म्हणत नाही. पारा उतरला की इकडे लोक बागेत शेकोट्या पेटवून बसतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. माणसाने कुडकुडलं तर चालतं, द्राक्षाने नाही.

आमच्याकडे अजून बंबच आहे. आजोबांनी नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेला, वरच्या कडेला नाव कोरलेलं. जळणाला ऑक्टोबर छाटणीच्या काड्या. द्राक्षाची काडी वाळली की कापरासारखी पेटते. मधल्या नळकांड्यात दोन मुठी काड्या, वरून एखादी करवंटी, वीस मिनिटांत पाणी कढत. एक घागर काढली की एक घागर गार ओतायची, हा नियम. न ओतता कोणी नुसतंच काढलं तर आजी आतून ओरडायची, बंब जळेल रे मेल्या!

आणि एक फुकटचं सांगतो. विहिरीचं, बोअरचं पाणी पहाटे कोमट असतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं रात्रभर उघड्यावर पडून गारठलेलं असतं. ज्यांच्या सोसायटीत बोअर आहे त्यांनी पहाटे ताजं पाणी चढवायला सांगा, पाच-सात अंश आयतेच पदरात पडतील.

एक सदस्य | मंगळवार, दुपारी ३.३०

[ही पोस्ट काढली आहे. ‘शेगडीवर बसवा, निम्मा गॅस वाचवा’ छापाच्या जाळ्यांची जाहिरात इथे नको. – संचालक]

मखमलाबादी | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

सोलरबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी. आमचं रो-हाउस आहे, २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा बसवून सहा वर्षं झाली. तेव्हा सगळं धरून तीस हजारांच्या आसपास पडला. ऑक्टोबर ते मे बघावं लागत नाही. श्रावणात सलग चार दिवस आभाळ राहिलं की बोंबाबोंब, तेवढ्यापुरता टाकीतला हीटर लावतो. बोअरचं पाणी जड आहे, म्हणून तांब्याच्या नळ्यांचा चपटा पॅनल घेतला नाही. त्यात क्षार बसला की अख्खा पॅनल उतरवावा लागतो. काचेच्या नळ्या वर्षातून एकदा काढून धुता येतात. दोन फुटल्या आतापर्यंत, एक गारपिटीत, एक पतंगाच्या नादात गच्चीवर चढलेल्या पोरांमुळे.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. बिल्डरने सामाईक सोलर दिलेला असला तरी वरच्या तीन मजल्यांची चंगळ असते, खालचे दोन बादल्या गार पाणी सोडून तिसरीत कोमट झेलतात. खाली येणाऱ्या पाइपांना फोमची नळकांडी घातली तर बराच फरक पडतो, आणि मीटिंगमध्ये नेमका तोच खर्च नामंजूर होतो.

वीजबिल_पीडित | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

पीएम सूर्यघरमध्ये वीज करणारे पॅनल लावा ना छतावर. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६०, तीन आणि पुढे ७८ हजार अनुदान. मग लाइटचाच गिझर बिनधास्त.

मखमलाबादी | मंगळवार, संध्याकाळी ७.३५

बिनधास्त कसला. स्वतःचं छप्पर असेल तर. मोगराताईंचा तिसरा मजला आहे.

हिशेबी_माणूस | मंगळवार, रात्री ८.१०

भाववाढीबद्दल थोडं. ‘गॅस सतत वाढतोच’ हे पूर्ण खरं नाही. मुंबईचे दर बघा: मार्च २०२३ मध्ये ११०२.५०. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी २०० ने उतरला. मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, आणखी १०० ने उतरून ८०२.५०. एप्रिल २०२५ मध्ये ५० चढला. नाशिकला वाहतुकीचे चार-दोन रुपये जास्त. आपल्याकडे लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त आयात होतो, त्याचा भाव सौदीच्या दर महिन्याच्या करारदराला आणि डॉलरला बांधलेला. इथला दर मात्र त्याप्रमाणे रोज हलत नाही, तोटा तेल कंपन्यांच्या खात्यात साठत जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने त्यापोटी कंपन्यांना ३० हजार कोटी मंजूर केले. तेव्हा पुढे काय होईल हे गॅसपेक्षा राजकारणावर जास्त अवलंबून. उज्ज्वलावाल्यांना ३०० रुपये खात्यात येतात, आपल्यासारख्यांचं अनुदान २०२० मध्येच आटलं.

डॉक्टरीणबाई | मंगळवार, रात्री १०.५५

ओपीडी संपवून आत्ता धागा वाचतेय. मोगराताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. उद्या सकाळी तो गिझर लावू नका.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे: गिझर बाथरूमच्या आत. सासूबाईंना अंघोळीनंतर गरगरतं, डोकं धरतं. ‘ते असो’ म्हणून तुम्ही पुढे गेलात आणि अख्खा धागा पैसे मोजत बसला. मला सांगा: अंघोळीच्या वेळी खिडकी उघडी असते का? एक्झॉस्ट पंखा आहे का? सासूबाई कोणाच्या नंतर जातात? घरात आणखी कोणाला मळमळ, डोकेदुखी? बाहेर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्यांना बरं वाटतं का?

पाणी उष्ण पडणं वगैरे नाही हे. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास घातलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं वास नाही म्हणजे धोका नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी गरगरतं, मग पायातलं बळ जातं. कडी आतून लावलेली असते आणि माणसाला ती काढता येत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपल्या नाशिकमधूनही आल्या आहेत.

आणखी एक. घरातला ऑक्सिमीटर बोटाला लावून ९८ दाखवला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या यंत्राला चिकटलेला ऑक्सिजन आणि चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड यातला फरक कळत नाही. रक्ताची वेगळी तपासणी लागते, तीही लगेच, कारण मोकळ्या हवेत चार-सहा तासांत प्रमाण निम्म्यावर येतं.

मोगरा_नाशिक | मंगळवार, रात्री ११.२०

डॉक्टर, हात थरथरतोय लिहिताना. खिडकी आहे, फूट-दीड फुटाची. पट्ट्यांची काच होती, डास आणि गारवा येतो म्हणून नोव्हेंबरात आम्हीच थर्माकोल लावून बंद केली. पंखा नाही. सासूबाई पावणेसातला जातात, मुलगा निघाला की लगेच. म्हणजे बाथरूम ऊबदार असतं म्हणून आम्हीच त्यांना त्याच्या नंतर पाठवतो. बाहेर आल्यावर पोथी घेऊन बाल्कनीत बसतात आणि अर्ध्या तासाने बरं वाटतं. हो.

डॉक्टरीणबाई | मंगळवार, रात्री ११.२६

थर्माकोल आत्ता काढा. उद्या सगळ्यांच्या अंघोळी शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून. सासूबाईंना माझ्याकडे नाही तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. गरगरण्याची इतर कारणंही असतात, वय आहे, रक्तदाब बघायलाच हवा. कढत पाण्यानेही बीपी उतरतो. पण गिझर बंद.

गणित_मास्तर | मंगळवार, रात्री ११.५०

मला स्वतःची लाज वाटतेय. सकाळी ग्रॅम मोजत बसलो आणि ती ओळ वाचून पुढे गेलो.

आता तेच गणित उलटीकडून. एक किलो एलपीजी जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. ६ लिटरचा गिझर, म्हणजे मिनिटाला ६ लिटर, दहा मिनिटं चालला तर १७० ग्रॅम गॅस, म्हणजे अडीच किलोहून जास्त, सव्वादोन घनमीटर हवा. पाच बाय सातचं, आठ फूट उंचीचं बाथरूम सगळं मिळून आठ घनमीटर. दहा मिनिटांत चौथाईहून जास्त हवा जळाली आणि खिडकीला थर्माकोल.

ताई, मुलगा बादलीनेच अंघोळ करतो, नक्की?

मोगरा_नाशिक | बुधवार, सकाळी ८.१५

सर, सापडलं.

आज पातेल्याने पाणी द्यायला लागले तर चिरंजीव म्हणाले, “मग शॉवर कसा घेऊ?” म्हटलं शॉवर? तर म्हणे रोजच घेतो. गार पाण्याचा शॉवर आहे अशी माझी समजूत, पण गिझर बसवताना तो मिक्सरला जोडला गेला होता हे त्यालाच माहीत. दहा मिनिटं. कधी बारा. बादली भरलेली तशीच ठेवून देतो, ती मग आजी वापरते, आणि आजीला ती कोमट झालेली असते म्हणून तीही वरून आणखी गरम घेते.

म्हणजे तुमचे सत्तेचाळीस लिटर तिथे, आणि त्याच दहा मिनिटांनंतर सासूबाई आत. रागवायला गेले, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. त्याला रात्रीच सगळं वाचायला दिलं होतं. आजीजवळ जाऊन बसलाय आत्ता.

चहाबाज | बुधवार, सकाळी ८.४०

परवा विनोद केले त्याबद्दल माफी. आमचाही गिझर आतच आहे. आज काढतोय.

फिटर_भाऊ | बुधवार, दुपारी १२.१०

सातपूरला गिझर, शेगड्यांचीच कामं करतो. गॅस गिझर बाथरूमात लावायचाच नसतो, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते पुस्तक गिऱ्हाईक उघडत नाही आणि घाईचा फिटर दाखवत नाही. आतल्या आत लावला की पाइप वाचतो, भोक पाडायचं वाचतं, अर्ध्या तासात काम. बाहेर लावायचा म्हटलं की गिऱ्हाईकच म्हणतं, भिंत खराब होईल.

ताई, तुमच्याकडे ड्राय बाल्कनी असेलच. ग्रिलची, उघडी. तिथे लावा. तिला नंतर स्लायडिंग काच बसवू नका, निम्मी घरं तिथेच मार खातात. सिलिंडर गिझरच्या बरोबर खाली नको, बाजूला. रबरी नळी ऑरेंज, आयएसआयची, तारीख बघून, पाच वर्षांनी बदलायची. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, अर्ध्या इंचीच घ्या. पाऊण इंची टाकली तर तेवढ्याच लांबीत दुपटीहून जास्त पाणी अडकतं, आणि दर वेळी तेवढं गार पाणी सोडावं लागतं. सात-आठ मीटर अर्धा इंची लाइनीत एक लिटरच राहतं, ते बादलीत धरा, फरशी पुसायला होतं.

जाळ निळा पाहिजे. पिवळा, लाल, काजळी दिसली की बंद करून बोलवायचं. वर्षातून एकदा बर्नर उघडून झाडून घ्या, कोळ्याची जाळी फार होतात. बॅटरी दोन मोठ्या लागतात, पावसाळ्यानंतर बदलून टाका. पाण्याला दाब नसला तर पेटत नाही, तेव्हा लोक गिझरला नावं ठेवतात, आधी नळाची जाळी बघा.

पाइप गॅस येणार असेल तर सांगून ठेवतो, तोच गिझर तसाच जोडता येत नाही. दाब वेगळा, जेट बदलावे लागतात. काही मॉडेलमध्ये बदलतच नाहीत.

पंचवटीकर | बुधवार, दुपारी १२.४०

पाइप गॅस आमच्या सोसायटीत आलाय. नंबर लावायची कटकट गेली हे मोठं सुख. बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे थंडीत किती जाळला ते संक्रांत उलटून गेल्यावर कळतं.

एकलहरे_निवृत्त | बुधवार, दुपारी ४.००

काल मी लिहिलं ‘जाळ थेट पाण्याखाली घाला’. जाळ कुठे घालायचा ते लिहायचं राहिलं होतं. बंब कधी कोणी न्हाणीत कडी लावून पेटवत नसे, परसात किंवा पडवीत असायचा. न्हाणीला वर कौलं, खाली मोरीचं भोक. जुन्या घरात वारा फार म्हणून आपण नावं ठेवायचो.

मोगरा_नाशिक | आठ दिवसांनी, गुरुवार, रात्री ९.३०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, माफ करा.

गिझर ड्राय बाल्कनीत गेला. पाइप, मजुरी, भोक, दोन फरश्या फुटल्या त्या, सगळं मिळून बावीसशे रुपये. बसवणारा दुसरा बोलावला. पहिल्याला फोन केला होता, तो म्हणाला, “सगळीकडे तसाच लावतो, ताई.” हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. आमच्याच इमारतीत विचारलं तर १२ घरांपैकी ५ घरांत आत होता. तिघांनी हलवला, एकजण म्हणतात बघू, आणि एका काकांचं म्हणणं आहे की त्यांचा इटालियन आहे, त्याला काही होत नाही.

सासूबाईंचं बीपी थोडं जास्त निघालं, गोळी सुरू आहे. पण गरगरणं गिझर बंद केला त्या दिवसापासून नाही. एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, आता रक्त तपासून काही दिसणार नाही, पण तुम्ही कारण बरोबर ओळखलंत. मी म्हटलं, मी नाही ओळखलं.

बाथरूममध्ये आता ऊब नसते, सासूबाईंची तक्रार सुरू झाली आहे. त्यासाठी अंघोळीआधी पाच मिनिटं एक बादली कढत पाणी झाकण न घालता आत ठेवते, वाफेने बरं वाटतं. शॉवर मिक्सरवरून काढून गार लाइनीवर टाकला. मुलाने निमूटपणे बादली घेतली. सर, सिलिंडर अजून संपायचा आहे, गोल केला की कळवते. लाइटच्या गिझरचा विषय ह्यांनी सोडला, बिल वाचून.

गणित_मास्तर | गुरुवार, रात्री ९.४५

२५ च्या पुढे गेला तर पेढे माझ्याकडून.

निफाडची_थंडी | गुरुवार, रात्री १०.०२

आणि माळ्यावरच्या बंबाचं काय केलंत? मोडीत देऊ नका हं. तांब्याच्या भावाने घेतील आणि वर जुना म्हणून वजन कापतील.

मोगरा_नाशिक | गुरुवार, रात्री १०.१५

मोडीत कसला देताय. सासूबाईंनी नातवाकडून उतरवून घेतलाय, चिंच-मिठाने घासून गॅलरीत ठेवलाय, लखलखतोय. पुढच्या दिवाळीला गच्चीवर पेटवायचा म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच सांगून झालं. फक्त त्याची चावी गळते आणि खालची जाळी गंजलीय. भांडी बाजारात बंबाची पितळी चावी अजून कोणाकडे मिळते का?

पंचवटीकर | गुरुवार, रात्री १०.३१

तांबट गल्लीत विचारा. जुनी चावी काढून सोबत न्या, आट्यांचं माप जुळायला लागतं.